आधी इंजिनिअरिंग की थेट बीएफए? कोल्हापुरातल्या घरासाठी एक तुलना

इंटरमिजिएटला, म्हणजे शाळेतल्या सरकारी चित्रकला परीक्षेला, अ श्रेणी आली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात, आणि त्या सात गुणांपुरतं चित्रकलेचं घरात भरपूर कौतुक होतं. तीच श्रेणी बारावीनंतर ‘मला पेंटिंग करायचंय’ म्हणताना पुढे केली, की वडील गप्प होतात आणि मामाला फोन जातो. कोल्हापुरात हे जरा जास्तच गमतीचं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांची नावं छाती फुगवून सांगणारं, स्वतःला कलापूर म्हणवून घेणारं हे गाव. पण याच गावात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांनी आणि उद्यमनगरातल्या लेथ मशिनांनी कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्यात. वडिलांच्या आग्रहामागे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला पगार असतो. एवढं मान्य केलं की बोलणं निम्मं सोपं होतं.

इथे दोनच वाटा शेजारी ठेवतो. पहिली: वडिलांच्या मनासारखं चार वर्षं इंजिनिअरिंग, जमेल तशी चित्रकला, आणि डिग्री हातात आल्यावर पुढचं पुढे. दुसरी: बारावीनंतर थेट बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, आणि घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून सोबत काहीतरी ठोस आधार. मधली वाट म्हणून आर्किटेक्चर हमखास सुचवलं जातं. तो पाच वर्षांचा, चांगलाच दमवणारा वेगळा धंदा आहे. इमारतींत रस असेल तर जरूर जा. केवळ ‘त्यात ड्रॉइंग असतंय की’ म्हणून नाटा ही त्याची प्रवेशपरीक्षा देऊ नका. मी स्वतः दुसरी वाट धरली, त्यामुळे पारडं कुठे झुकणार ते कळेलच. तरी पहिल्या वाटेचं बळ झाकून ठेवत नाही.

दारं उघडी ठेवायची तर

बंड करायचंच असेल तर अकरावीत नको. सायन्स घेऊन पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ठेवलं की दोन्ही वाटा शाबूत राहतात. बीएफएला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंजिनिअरिंगला मात्र फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. अकरावीला आर्ट्स घेतलं तर एक दार कायमचं बंद होतं आणि त्या बदल्यात चित्रकलेत काहीही जास्तीचं मिळत नाही. बायोलॉजी तेवढं सोडा. जर्नलं भरण्यात जाणारा वेळ हाताच्या सरावाला मिळतो.

बारावीच्या वर्षी फॉर्म दोन भरायचे: इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीचा आणि बीएफएच्या एएसी सीईटीचा. दोन्ही परीक्षा राज्याचा सीईटी कक्षच घेतो, पण तारखा वेगळ्या असतात. एएसीला वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे हाताचे पेपर असतात, शिवाय सामान्यज्ञान. बरीच मुलं एमएचटी-सीईटीच्या गडबडीत एएसीची तारीख चुकवतात. त्या वर्षापुरता निर्णय मग तारखेनेच होऊन जातो, आणि वडिलांना ‘मी तर नको म्हटलं नव्हतं’ म्हणायला जागा मिळते.

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात दोनशेपैकी शंभर गुण एकट्या मॅथ्सचे असतात. उणे गुण नाहीत. ज्याला मॅथ्स जड जातं, त्याचा पर्सेंटाइल या एकाच कारणाने घसरतो आणि हवी ती शाखा मिळत नाही. परीक्षा द्या, मनापासून द्या. निकाल लागल्यावर कुठल्या कॉलेजात कुठली शाखा मिळते हे कागदावर समोर आलं, की वडिलांशी होणारं बोलणं स्वप्नांवरून जमिनीवर येतं, आणि ते दोन्ही बाजूंनी.

पहिल्या वाटेचं बळ

सर्वांत मोठं बळ पैशाचं आणि मानाचं. इंजिनिअर झालेल्या पोराला पुण्याला जायला, कंपनीत लागायला, स्थळ बघायला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. फीचा बोजा असतो, पण घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी शिक्षण फी माफ होते. त्याच उत्पन्न मर्यादेत टीएफडब्ल्यूएसच्या थोड्या जागा असतात. त्यांत शिक्षण फी पूर्ण माफ असते. मुलींसाठी २०२४-२५ पासून उत्पन्नाच्या आणि प्रवर्गाच्या अटींवर पूर्ण माफी आहे. तेव्हा ‘एवढा खर्च कशाला’ हा मुद्दा मुलीने काढला तर तो टिकणार नाही.

दुसरं बळ फारसं कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सीड ही परीक्षा देता येते आणि आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं. म्हणजे वस्तूंचं डिझाइन, इंटरअॅक्शन, अॅनिमेशन असलं काही डोक्यात असेल, तर इंजिनिअरिंग ही वाया गेलेली चार वर्षं ठरत नाहीत. मेकॅनिकल करून डिझाइनला गेलेल्या मुलाला साचा कसा निघतो, पत्रा कुठे वाकतो हे आधीच माहीत असतं. हा खरा फायदा आहे. डिझाइनचं बारावीनंतरच ठरलं असेल, तर त्यासाठी यूसीड ही परीक्षा वेगळी आहे.

पण हे दार डिझाइनचं. पेंटिंगचं नव्हे. पेंटिंगमध्ये एमएफए, म्हणजे बीएफएच्या पुढची पदवी, करायचं म्हटलं की सर्वसाधारणपणे बीएफए किंवा तशीच कलेची पात्रता मागतात. म्हणजे बी.टेक. झालेल्या मुलाला बाविसाव्या वर्षी पुन्हा बीएफएच्या पहिल्या वर्षात बसावं लागतं, शेजारी अठरा वर्षांची मुलं. ते चालतं, कुणी अडवत नाही. फक्त घरात नोकरीची ऑफर आलेली असताना तसं बसायला जो निबरपणा लागतो तो फार थोड्यांत असतो. ‘आधी डिग्री घे, मग काय ती चित्रं काढ’ या वाक्यातला ‘मग’ तिथेच अडकतो.

उजेडाचा प्रश्न

आता ज्या कटकटीने माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो. ती फीची नाही, अवघड विषयांची नाही, एटीकेटीचीही नाही. इंजिनिअरिंगचं कॉलेज दिवसाचा उजेड खातं.

सकाळी बस, दहाच्या आसपास लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, पाचला सुटका. घरी येईस्तोवर अंधार पडतो. ज्याला रंगात काम करायचंय त्याच्या वाट्याला येते ती रात्र आणि ट्यूबलाइट. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. ‘रात्री काढ की, कोण नको म्हणतंय?’ असं वडील म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असतं, कारण अभ्यास रात्रीच होतो. रंगाचं तसं होत नाही.

पिवळ्या, उबदार बल्बखाली फिकट पिवळा वॉश (रंगाचा पातळ थर) पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून हात आणखी पिवळा लावतो, आणि सकाळी तो पिवळा ओरडत असतो. साडेसहा हजार केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली उलटं: सगळं निळसर दिसतं, म्हणून चित्राला ऊब द्यायला जावं तर सकाळी ते नारिंगी झालेलं. साध्या एलईडी ट्यूबचा सीआरआय, म्हणजे तिच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप, ऐंशीच्या आसपास असतो आणि तिच्या उजेडात तांबडा रंग सगळ्यांत जास्त मार खातो. गुलाल, विटा, कौलं, माणसाच्या कातडीचा रंग, म्हणजे आपल्याकडच्या चित्रात जे जे लागतं ते सगळं त्यातच येतं. फोनवर फोटो काढून तपासण्यातही अर्थ नाही. फोन व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा, स्वतःच सुधारतो आणि चूक झाकून टाकतो.

यावर उपाय आहे, आणि पहिली वाट धरणाऱ्याने तो पहिल्याच महिन्यात करावा. पाच हजार केल्विनचे, सीआरआय पंच्याण्णवच्या वरचे दोन दिवे घ्यायचे. एक कागदावर, एक पॅलेटवर, दोन्ही एकाच प्रकारचे. पॅलेटवर एक उजेड आणि कागदावर दुसरा असेल तर मिसळलेला रंग कागदावर गेल्यावर वेगळाच दिसतो. खोलीतली जुनी ट्यूब त्या वेळी बंद ठेवायची. भिंत पांढरी किंवा राखाडी असू दे. पोपटी भिंत सगळ्या चित्राला पोपटी करते.

दिव्याने खोलीतलं काम सुधारतं. कोल्हापूरच्या चित्रकलेचा कणा मात्र खोलीबाहेर आहे. रंकाळ्याचा काठ, पंचगंगेचा घाट, जुन्या पेठांतले वाडे हे इथल्या लँडस्केपवाल्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे विषय. ते फोटोवरून करायला गेलं की सावल्या काळ्या होतात, कारण कॅमेरा उजेड सांभाळताना सावलीतला निळा आणि जमिनीवरून उसळलेला तांबूसपणा गिळून टाकतो. फोटोवर हात बसलेला मुलगा घाटावर बसला तरी सावलीत काळाच ओततो. ती सवय मोडायला नंतर फार त्रास होतो.

मग पहाटे उठून जावं? थंडीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. घाटावर पोहोचून, जागा ठरवून, पाणी भरून बसेपर्यंत साडेसात. कॉलेजची बस धरायची तर सव्वाआठला ब्रश धुवायला लागतात. उरतात पाऊण तास. पाव इंपीरियल म्हणजे ११ बाय १५ इंचांच्या कागदाला जलरंगात दीड तास तरी जातो. घाईने पहिला वॉश ओला असतानाच दुसरा मारला की फुलकोबीसारखे डाग उठतात. पाऊण तासात होतं ते पोस्टकार्डाएवढं, तीन टोनमधलं टिपण. पहिल्या वाटेवर असाल तर तेवढंच धरा आणि ते नेमाने करा. मोठा कागद घेऊन रोज अर्धवट उठण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

राहता राहिला रविवार. त्याचाही हिशोब करून बघा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. बाहेर बसता येत नाही आणि घरातही वॉश वाळत नाही. मार्चनंतर उन्हाचा झगमगाट. सकाळ-संध्याकाळचा तुकडा सोडला तर रंग फिके दिसतात. बाहेर बसण्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे साधारण २१ रविवार. नेमक्या त्याच काळात टर्म-वर्कचं सबमिशन, ओरल, सेमिस्टरची परीक्षा, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी भावकीतली लग्नं. हातात दहा-बारा रविवार राहिले तर नशीब. ‘सुट्टीत भरून काढीन’ म्हणणाऱ्याची सुट्टी ऐन मे-जूनमध्ये येते, जेव्हा आधी ऊन असतं आणि मग वळीव.

बीएफएच्या वर्गात हाच वेळ उलटा लागतो. दहा ते पाच हात रंगात असतो, समोर मॉडेल, बाजूने खिडकीचा उजेड, आणि मागून येऊन ‘हा खांदा बघ’ म्हणणारे सर. आउटडोअरला वर्गच बाहेर जातो. आणि संध्याकाळी जे करायचं, म्हणजे इंग्रजी, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, हिशोब ठेवणं, त्यातलं एकही काम ट्यूबलाइटखाली बिघडत नाही. वडिलांना हवं असलेलं सगळं रात्री करता येतं. मुलाला हवं असलेलं रात्री होत नाही. हे मी मोजमापाने सिद्ध करू शकणार नाही. अनुभवाने मात्र ठाम वाटतं.

याला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. कॅरेक्टर डिझाइन, अॅनिमेशन, अक्षररचना, व्हिडिओ, गेम असलं पडद्यावरचं काम करणाऱ्याला ऊन लागत नाही. त्याच्यासाठी माझा सगळा युक्तिवाद निकामी आहे. त्याने चांगला मॉनिटर घ्यावा, तो कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचे रंग अचूक जुळवून घ्यावेत, आणि कॉम्प्युटर किंवा आयटी शाखेला खुशाल जावं.

दुसऱ्या वाटेचे खड्डे

पेंटिंग शिकून बाहेर पडलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं ठरलेली आवक नसते. चित्रं विकून घर चालणं इथे तरी फार थोड्यांना जमतं. बहुतेकांचा चरितार्थ जोडकामांवर असतो: एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी, गणपतीच्या हंगामात कुंभार गल्ल्यांत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी, गुळाच्या बॉक्सचं किंवा मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन. उपयोजित कला (जाहिराती, छपाई, पाकिटांचं डिझाइन) घेतलेल्याची आवक पेंटिंगवाल्याच्या आधी सुरू होते, कारण छापखान्यांना आणि छोट्या ब्रँडना माणूस लागतोच. घरातून फारच दबाव असेल तर उपयोजित कलेवर तडजोड करण्यात कमीपणा नाही. दिवसाचा उजेड त्यातही मिळतो.

शाळेत कलाशिक्षक होण्याचं गाजर घरच्यांना दाखवू नका. त्यासाठी एटीडीसारखी (कलाशिक्षकाची पदविका) वेगळी पात्रता लागते आणि जागा कमी निघतात. वडिलांनी चौकशी केली की ते उघडं पडतं आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

एक गोष्ट मात्र वडिलांना बहुधा माहीत नसते आणि ती आवर्जून सांगावी: बीएफए ही विद्यापीठाची पदवी आहे. राज्यसेवेसारख्या, कुठल्याही शाखेची पदवी चालणाऱ्या परीक्षांना ती चालते. ‘उद्या काहीच जमलं नाही तर’ या त्यांच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. म्हणूनच जी.डी. आर्ट आणि बीएफए यांत निवड करायची वेळ आली तर आधाराच्या दृष्टीने मी बीएफए म्हणेन. जी.डी. आर्टला हाताची तयारी उत्तम होते, पण ती पदविका आहे. पदवी मागणाऱ्या जाहिरातीत ती चालेल असं गृहीत धरू नये. दळवीज असो, कलानिकेतन असो, कोल्हापुराबाहेरचं कॉलेज असो, प्रवेशाआधी तिथे नेमका कुठला अभ्यासक्रम आहे, कुणाची मान्यता आहे आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला ते कॉलेज दिसतं का, ही तीन उत्तरं ऑफिसात जाऊन घ्यावीत. मित्राच्या सांगण्यावर राहू नये.

घरात बोलताना

शब्दांपेक्षा दाखवण्याने काम होतं. वडिलांना एखाद्या कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला न्या, किंवा दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात कुणाचं प्रदर्शन असेल तर तिथे. चित्रं बघून ते विरघळतील अशी आशा धरू नका; पण हजेरी असते, सबमिशन असतं, नापास करतात, हे त्यांना दिसू दे. ‘पोरगं चार वर्षं उंडारणार’ ही त्यांची खरी भीती असते. पगाराचं त्यानंतर येतं.

बोलणीला मध्यस्थ हवा, पण मामा नको. मामा आईच्या बाजूचा, म्हणजे आधीच फितूर, असं धरलं जातं. चुलते चालतील, किंवा वडील ज्याचा शब्द मानतात असा त्यांच्याच कारखान्यातला एखादा जुना माणूस. आणि ‘बघू दोन वर्षं’ यावर उठू नका. सैल शब्दाचा अर्थ दोघं दोन लावतात: मुलगा समजतो परवानगी मिळाली, वडील समजतात दोन वर्षांनी खूळ उतरेल.

त्यापेक्षा अर्ध्या पानावर लिहून घ्या. कागद-रंगांना महिन्याला किती मिळणार. घरखर्चाला मुलाने कधीपासून हातभार लावायचा. प्रगती कशाला म्हणायचं: विषय न राहता वर्ष पार पडणं, वर्षाअखेर दाखवण्याजोगी वीस कामं, राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाला चित्र पाठवणं, तिसऱ्या वर्षापासून क्लासची थोडी कमाई. निवड होणं ही अट घालू नका, ते आपल्या हातात नसतं. पाठवणं आपल्या हातात आहे. संध्याकाळचे दोन तास कुठल्या अभ्यासाला देणार तेही त्यात असू दे, कारण वडिलांच्या वाट्याचं तेच कलम आहे. पहिली वाट धरली असेल तर कागद उलटा: मुलगा विषय राहू देणार नाही, आणि त्या बदल्यात रविवारी दुपारपर्यंत त्याला ना किराणा सांगायचा, ना बारशाला न्यायचं. हे दुसरं कलम पहिल्याइतकंच कसोशीने पाळलं गेलं नाही तर पहिली वाट ही निव्वळ इंजिनिअरिंगची वाट उरते.

निर्णय शेवटपर्यंत लोंबकळलाच, तर इंजिनिअरिंगची सीट घेऊन ठेवता येते. पसंतीक्रम मात्र विचार करून भरा, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप गोठते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. पुढे बीएफएच्या यादीत नाव लागलं तर प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी रद्दचा अर्ज करायचा. जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून फी परत मिळते. ती तारीख उलटल्यावर, किंवा दुसऱ्या वर्षात कंटाळून सोडणं हा सगळ्यांत महाग पर्याय: फी गेलेली, वर्ष गेलेलं, आणि घरात ‘आम्ही सांगत होतो’ सुरू. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो पहिल्या कॉलेजात जमा असेल तर परत मिळायला काही दिवस जातात, तेव्हा रद्दचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि दाखला जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित झेरॉक्स काढून घ्या.